कौशीची जोडवही

दिवाळीचे आकाशकंदील अजून दारांवर लटकत असतात, तेव्हाच आमच्या केजच्या रस्त्यानं ट्रॅक्टर जायला लागतात. मागं दोन दोन ट्रॉल्या. त्यांत पत्र्याच्या पेट्या, पातेली, उलटी टाकलेली बाज, ताडपत्रीची गुंडाळी, कोंबड्यांचं डालगं, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. मी ज्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्याची खिडकी याच रस्त्यावर उघडते. ट्रॅक्टर गेला की तावदानं थरथरतात. पेपर वाचत बसलेले म्हातारे मान वर न करता म्हणतात, "निघाली टोळी," आणि पुन्हा पेपरात शिरतात. ऊसतोडीला माणसं जाणं ही इथं बातमी नाही. मी मात्र दर वेळी उठून खिडकीशी जाते. ट्रॉलीवर बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी बसलेली दिसते का ते बघते. ती दिसतेच. मग मी पुन्हा टेबलाशी येऊन बसते आणि उगाच रजिस्टर उघडते.

या दिवसांतली हवा मला सहन होत नाही. खरं तर वर्षातली सगळ्यात चांगली हवा. सकाळी अंगावर शहारा, दुपारी सोसवेल असं ऊन, रानात ज्वारी गुडघ्याला लागलेली, हरभऱ्याच्या शेंड्यांची आंबट चव बोटांना. लोक म्हणतात, कसं प्रसन्न वाटतं. मला या हवेत एक हाक ऐकू येते. "कौसल्या..." आणि त्यानंतरची शांतता. त्या शांततेत उभं राहून उत्तर द्यायचं काम माझं होतं.

सांगायचं तर पहिल्यापासूनच सांगायला हवं.

आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते आणि सातवीला होते महालिंग गुरुजी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लिंग, पायात कायम एका बाजूचा अंगठा तुटलेल्या चपला. घरचं केजला किराणा दुकान होतं, पण गुरुजींना तराजूत रस नव्हता. त्यांच्या खिशात खडूबरोबर एक दाभण असायचं. पोतं शिवायची ती जाड सुई. एवढा शिकलेला माणूस दाभण घेऊन कशाला फिरतो, असं नव्या माणसाला वाटायचं. आम्हाला वाटायचं नाही, कारण त्या दाभणानं ते काय करतात ते आम्हाला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर आमचा वर्ग निम्मा व्हायचा. एकतीस पोरांतली पंधरा-सोळा आईबापांबरोबर कारखान्यावर जायची, ती पाडव्याच्या आसपास उगवायची. तोवर अभ्यास पुढं गेलेला. आलेली पोरं चार दिवस वर्गात बावरून बसायची, मग गुरं राखायला लागायची. गुरुजींनी यावर आपला एक उपाय काढला होता. वर्ष संपलं की ते सगळ्यांच्या जुन्या वह्या मागून घ्यायचे. त्यातली उरलेली कोरी पानं काढायची, एकावर एक रचायची आणि दाभणानं शिवायची. एकेरी, दुरेघी, चौकटीची, सगळी पानं एकाच वहीत. वरून पुठ्ठा म्हणून जुनी लग्नपत्रिका. हिला आम्ही जोडवही म्हणायचो. जाणाऱ्या प्रत्येक पोराला राहणाऱ्यातला एक जोडीदार नेमून दिलेला असे. जोडीदारानं रोजचा अभ्यास दोनदा लिहायचा, एकदा आपल्या वहीत आणि एकदा गेलेल्याच्या जोडवहीत. तो परत आला की वही त्याच्या हातात.

आणि हजेरी. गुरुजी गेलेल्यांची नावं हजेरीतून गाळत नसत. क्रमानं नाव घ्यायचे, थांबायचे. मग जोडीदारानं उभं राहून म्हणायचं, "वही चालू हाय, गुरुजी." गुरुजी "हं" म्हणायचे आणि पुढचं नाव. अर्ध्या रिकाम्या वर्गात ही नावं रोज घुमायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, वर्ग भरलेला आहे.

माझी जोडी कौशीची. कौशी म्हणजे कौसल्या. आमची घरं पाठीला पाठ लावून, दोघींच्या मधे एक भिंत आणि त्या भिंतीत एक आरपार देवळी, जिच्यातून आम्ही चिंचा आणि निरोप पाठवायचो. ती काळी, उंच, चपळ. मी गोल आणि गोष्टीवेल्हाळ. ती मला सुमी म्हणायची; जगात आता ती एकटीच म्हणते.

सातवीच्या वर्षी तिच्या वडिलांनी ट्रक भरला, तेव्हा गुरुजी मुद्दाम निरोपाला आले होते. मी ट्रकच्या चाकाशी उभी. कौशीचे वडील मुंडासं सावरत म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शबुदाखातर सांगतो. सातवी निघाली तर केजला हिच्या मावशीकडं ठिवतो, हायस्कुलात घालतो. न्हाई निघाली तर पुढल्या सालापून हिचा बी कोयता."

आमच्याकडं एक कोयता म्हणजे एक जोडपं. एकानं तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. कोयता म्हणजे लग्न, हे तेराव्या वर्षी आम्हा दोघींनाही कळत होतं.

"पट्टा कवा पडंल?" गुरुजींनी विचारलं. पट्टा पडणं म्हणजे कारखाना बंद होणं.

"पाडव्याच्या मागंम्होरं."

"म्हंजी परीक्षेच्या आधी येता. मग झालं. बाकीचं हिच्याकडं लागलं," असं म्हणून गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ट्रक हलला तशी कौशी वरून ओरडली, "सुमे, जरा नीट लिही बग! तुझं अक्षर म्हंजी कोंबडीनं उकरल्यावानी." मी तिला जीभ दाखवली. त्या हंगामात आम्ही एकमेकींना बोललेलं शेवटचं ते.

पहिला महिना मी मन लावून लिहिलं. मराठीचे धडे तर दोनदा लिहायला मला आवडायचं. कौशीसाठी समासात वेली काढायची, कवितेखाली मोर. इतिहासही लिहिला. गणित मात्र मला मुळातच येत नव्हतं. न येणारी गोष्ट एकदा लिहायची म्हणजे शिक्षा, दोनदा लिहायची म्हणजे अन्यायच. एके दिवशी मामाच्या गावची जत्रा होती म्हणून गणित राहिलं. उद्या दोन दिवसांचं एकदम लिहू म्हटलं. उद्या तीन दिवसांचं झालं. पुढं पुढं जोडवही उघडायचीच भीती वाटायला लागली. गणितासाठी मी मधली पानं सोडली होती, ती पानं बोटांना लागली की मी वही मिटायची. आणि रोज सकाळी गुरुजींनी "कौसल्या..." म्हटलं की मी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणायची, "वही चालू हाय, गुरुजी."

"हं."

खोटं बोलायची सवय लागते, हे खरं आहे. आठवडाभर छाती धडधडायची, मग ती पण थांबली. आळस म्हणून सोडून देता आलं असतं, पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही. आमच्या आळीतल्या दोन मुली मागच्या वर्षी सातवीत असताना गेलत्या, त्या परत आल्या त्या मंगळसूत्र घालून. एका दुपारी कोऱ्या पानांकडं बघताना माझ्या मनात आलं, कौशी तरी कुठं परत येतीय? मग लिहून काय उपयोग? आणि हा विचार आल्यावर मला बरं वाटलं. चक्क सुटल्यासारखं. जिवंत मैत्रिणीची मी मनातल्या मनात परतायची वाट बंद करून टाकली होती, आणि ती सुद्धा चार गणितांच्या कंटाळ्यानं. आज हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

ते थंडीचे दिवस मला आवाजांनी आठवतात. रिकाम्या बाकांवर चिमण्या उतरायच्या त्यांचा. पत्रे उन्हानं तापताना कडकड करायचे त्याचा. आणि नावांचा. एरवी नाव घेतलं की माणूस ओ देतो. आमच्याकडं एकाचं नाव आणि दुसऱ्याचा आवाज.

होळीला आठवडा राहिला आणि गुरुजी म्हणाले, "जोडवह्या जमा करा. पोरं यायच्या आत मी एकदा बघतो."

काय काय मनात आलं. वही विहिरीत टाकावी. चुलीत घालावी. शेळीनं खाल्ली म्हणावं. आमच्या शेळीची तशी ख्याती होती. पण शेवटी टेबलावरच्या गठ्ठ्यात मधोमध कौशीची वही सरकवली आणि जागेवर येऊन बसले. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावरचा गणपती मला इतका वेळ दिसत होता की फळ्यावरचं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरीत "कौसल्या..." आलं. मी उभी राहिले. गुरुजींनी वर पाहिलंच नाही, पेन हजेरीवर धरून थांबले. शेवटी मी म्हणाले, "वही चालू हाय, गुरुजी."

"हं," ते म्हणाले. रोजच्याच आवाजात.

सोमवारी वह्या परत आल्या. मी कौशीची वही उघडली. मधली पानं भरलेली होती.

अपूर्णांक, शेकडेवारी, काळ-काम, हौद आणि नळ. सगळं. आणि सगळं माझ्या अक्षरात. उजवीकडं कललेलं, कोंबडीनं उकरल्यासारखं. माझा सातचा आकडा, ज्याची शेपूट मी नको तितकी खाली ओढायची. उत्तराखाली मी मारायची त्या दोन तिरक्या रेघा. मी पेन फार दाबून लिहायची. पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर तिथंही तसेच उठाव लागत होते. काही पानं पहिलीच्या पोराच्या वहीतली होती, रुंद दुरेघी. तिथं रेघा न जुमानता मी जसं लिहिलं असतं तसंच लिहिलेलं. फक्त समासात वेली नव्हत्या. गणिताच्या पानांवर मी काढल्याही नसत्या.

मी ते पान तोंडाजवळ धरलं. शाईचा वास आला आणि विभूतीचा, राखेसारखा, कोरडा. मान वर केली तर गुरुजी फळा पुसत होते. माझ्याकडं त्यांची पाठ होती.

कौशी आली ती पाडव्यानंतर तीन दिवसांनी. हातांवर पाचटानं कापल्याच्या रेघा, केस तांबडे झालेले, मंगळसूत्र नाही. देवळीतून तिनं आधी उसाचं एक कांडं सरकवलं आणि मग हात पुढं केला. "वही?"

मी वही दिली. त्याच वेळी सांगता आलं असतं. तिनं तिथंच पानं चाळली आणि एवढंच म्हणाली, "सुमे, लई लिव्हलंस गं." तिचा आवाज ओला झाला होता. मग मी कसली सांगते.

परीक्षेला पंधरा दिवस होते. ती दिवसभर बाभळीखाली ती वही घेऊन बसायची. चौथ्या की पाचव्या दिवशी धावत आली, डोळे नुसते चमकत होते. "ए, हे बग. तुझं हौदाचं गणित चुकलंय."

गणित असं होतं: एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? वहीत वरच्या आकड्यात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवून दोन नवमांश केले होते, आणि उत्तर आलं होतं साडेचार तास. खाली दोन तिरक्या रेघा.

"आगं, एक नळ एकटाच तीन तासांत भरतोय," कौशी म्हणाली, "मग दुसरा जोडीला आल्यावर साडेचार कावून लागतील? येळ कमी व्हाया पायजे का वाढाया?"

ती चूक माझीच होती. म्हणजे मी नेहमी करायची तीच. पण ते पान मी लिहिलेलं नव्हतं. ज्या माणसानं ते लिहिलं, त्यानं माझं अक्षर उचललं, शेपटीचा सात उचलला, आणि माझी चूकही उचलली. ती वही खरी वाटावी म्हणून की कौशीला काहीतरी सापडावं म्हणून, की माझ्यासाठी एक खूण म्हणून, ते मला आजतागायत माहीत नाही. मी कौशीला म्हटलं, "हो, चुकलं खरं." तिनं स्वतः ते सोडवलं, दोन तास. आणि त्या क्षणी, हे तिनं नंतर हजारदा सांगितलंय, तिला वाटलं की आपल्याला गणित येतं.

ती सातवी निघाली. वडिलांनी शब्द पाळला. हायस्कूल, मग डी.एड., मग आष्टी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. कौशी मुलांना गणित शिकवते, आता निवृत्तीला आली. आणि ती तिथं जोडवह्या चालवते. तिच्याही वर्गातली पोरं कारखान्यावर जातात. दरवर्षी दिवाळीनंतर पहिल्या दिवशी ती मुलांना माझी गोष्ट सांगते. एकदा तिनं मला शाळेत बोलावलं, पोरांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "ह्याच त्या सुमनबाई. यांनी माझी वही लिव्हली नसती तर आज माझ्या हातात खडूच्या जागी कोयता असता." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं माझ्याकडं इतक्या विश्वासानं बघितलं की मी चार शब्द बोलले. मैत्री, जबाबदारी वगैरे. परतीच्या जीपमध्ये मला उलटी झाली. ड्रायव्हर म्हणाला, घाटानं होतं बाई. घाट अजून यायचा होता.

आणि गुरुजी. निवृत्त होऊन ते केजला आले, मुलाकडं, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत. मी वीस वर्षं त्याच गावात राहते, दोन गल्ल्या सोडून. केजएवढ्या गावात एखाद्याला टाळायचं म्हणजे अंगी कसब लागतं, आणि ते मी कमावलं. त्यांची चप्पल ओळखू येते. ती दिसली की मी भाजीच्या गाड्यामागं. पण वाचनालयात कुठं लपणार? ते यायचे, पुस्तक न्यायचे, वेळेवर परत करायचे. "काय वाचतीस सध्या?" एवढंच विचारायचे. एकदा त्यांनी एक पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "यात मधली सोळा पानं कोरी सुटल्यात. देताना बघून देत जा."

छापखान्याची चूक होती. असते कधी कधी. पण त्या दिवसापासून मी आलेलं प्रत्येक नवं पुस्तक पानन् पान चाळते. आमचे सचिव म्हणतात, बाई कामाला लई चोख. काय सांगायचं त्यांना.

ओरडले असते तर. शाळेच्या भिंतीशी उभं करून छड्या दिल्या असत्या, बापाला बोलावलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते आणि आतापर्यंत विसरलेही असते. पण त्यांनी फक्त "हं" म्हटलं. मी तो "हं" कितीदा तपासलाय. त्यांना कधी कळलं? वह्या जमा केल्या तेव्हा? की अगदी जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच, माझ्या आवाजावरून? म्हणजे तीन महिने रोज सकाळी ते माझं खोटं ऐकत होते आणि मी कधी खरं बोलते याची वाट बघत होते? आवडत्या शिक्षकानं आयुष्य घडवलं असं लोक म्हणतात. माझं घडवलं का ते माहीत नाही, पण मला त्यांनी एका प्रश्नापुढं उभं केलं आणि "बस" म्हणाले नाहीत.

या दिवाळीनंतर कौशीचा फोन आला. "सुमे, गुरुजींकडं गेलतीस का? त्यांचं डोकं आता थाऱ्यावर न्हाई म्हणं. सून सांगत व्हती, रोज हजेरी घेत्यात. मी रयवारी येती, आपण दोघी जाऊ."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. कारणं संपली होती.

रविवारी दुपारी गेलो. दुकानातून आत जाताना गुळाचा आणि रॉकेलच्या रिकाम्या टाकीचा वास. मागच्या खोलीत खाटेवर गुरुजी बसलेले, एवढेसे झालेले. कपाळावर पट्टे मात्र ठसठशीत. ते सून लावते. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. सुनेनं चहा दिला आणि हळू आवाजात सांगायला लागली.

"जेवण झालं की मामांची हजेरी सुरू व्हती बगा. मीच हजर, हजर म्हणती, न्हाई तर पुढं सरकत न्हाईत. पर एका नावाशी रोज अडकत्यात. तितं हजर म्हणलं तर चिडत्यात. म्हणत्यात, ती कारखान्यावर हाय, जोडी कोण? मला काय ठावं जोडी कोण? मग पुन्यांदा पैल्या नावापून सुरू. असं संध्याकाळपतुर."

"कोणतं नाव?" कौशीनं विचारलं.

सुनेनं सांगायच्या आत गुरुजींनी हजेरी सुरू केली होती. समोर वही नव्हती, मांडीवर नुसती बोटं फिरत होती. अंबादास. हजर, सून म्हणाली. आसराबाई. हजर. किसन. हजर. आवाज तोच होता, फक्त आत ओढलेला. मला बाकांवरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या.

"कौसल्या..."

"हजर, गुरुजी," कौशी पुढं सरकून म्हणाली. हसली. "मी आली की. ही काय समोर."

गुरुजींच्या कपाळावर आठी पडली. "ती कारखान्यावर हाय," ते म्हणाले. "तिची जोडी कोण?"

कौशीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं किती सुंदर योग आलाय. कोपरानं ढोसत म्हणाली, "सांग की."

मी उभी राहिले. या वयात गुडघे धरून उठावं लागतं. वाक्य तोंडात तयारच होतं, चव्वेचाळीस वर्षं तिथंच होतं. वही चालू हाय, गुरुजी. म्हटलं असतं तर ते "हं" म्हणाले असते, हजेरी पुढं गेली असती, सुनेची रोजची कटकट मिटली असती, कौशी रडली असती, आणि आष्टीच्या शाळेत पुढच्या वर्षी गोष्टीला आणखी एक शेवट जोडला गेला असता. कुणाचंच काही बिघडलं नसतं.

"वही कोरी हाय, गुरुजी," मी म्हणाले. "गणिताची पानं लिव्हलीच न्हाईत मी."

गुरुजींनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. मग मांडीवरचं बोट हललं.

"हं," ते म्हणाले. "बस खाली. आज मी लिव्हतो. उद्यापून तू."

मी बसले. पुढचं नाव आलं, त्याच्या पुढचं आलं. सून दारात पदर तोंडाला लावून उभी होती. एकतीस नावं पुरी होताना तिनं पहिल्यांदाच ऐकली. शेवटच्या नावानंतर गुरुजींनी वही मिटल्यासारखे हात जुळवले, खाटेवर कलंडले आणि झोपले.

बाहेर आलो. स्टँडपर्यंत रस्ताभर मीच बोलले. जत्रा, कोरी पानं, रोजचं खोटं, शेपटीचा सात, सगळं सांगितलं. ती परत येणार नाही असं मला वाटलं होतं आणि वाटून बरं वाटलं होतं, हेही सांगितलं. मधेच एक ट्रॅक्टर गेला. मला आवाज चढवावा लागला, आणि ते वाक्य मी भर रस्त्यात ओरडून बोलले. कौशी समोर बघून चालत होती.

आष्टीकडची जीप लागली होती. ती आत बसली, पिशवी मांडीवर घेतली. सीट भरायची होती म्हणून जीप हलत नव्हती. मी खिडकीशी उभी. तिनं रागवावं असं मला वाटत होतं. माझ्या पाठीत चार गुद्दे घातले असते तरी चाललं असतं. ती पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती, सोडत होती, परत मारत होती.

"सुमे," शेवटी ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "ती हौदाची चूक. ती तरी मीच काढली ना? का ती बी गुरुजींनीच...?"

तिचा आवाज लहान मुलीचा झाला होता. मला पहिल्यांदाच कळलं, मी तिच्याकडून काय काढून घेत होते.

"तूच काढलीस," मी म्हणाले. "घालणारा कुणी का असंना, काढणारी तू. माझं उत्तर अजून साडेचारच येतं, कौशे."

ती हसली नाही. ड्रायव्हरनं जीप सुरू केली.